मागच्या खोलीचे ऋण

३ ऑगस्ट २०२५ रोजी तिरुवनंतपुरम येथे केरळ सरकारने भरवलेल्या चित्रपट धोरण परिषदेचा समारोप होता. केरळचे राज्य चित्रपट विकास महामंडळ अनुसूचित जाती-जमातींच्या आणि महिला दिग्दर्शकांना चित्रपट काढण्यासाठी दीड कोटी रुपयांपर्यंत साहाय्य देत होते. त्या योजनेविषयी ज्येष्ठ दिग्दर्शक अडूर गोपालकृष्णन यांनी व्यासपीठावरून मत मांडले. अशा नवख्यांना पैसा देण्यापूर्वी किमान तीन महिने प्रशिक्षण द्यावे, आणि एकाला दीड कोटी देण्याऐवजी तिघांना पन्नास-पन्नास लाख द्यावेत, असे ते म्हणाले. सभागृहात बसलेल्या गायिका आणि केरळ संगीत नाटक अकादमीच्या उपाध्यक्षा पुष्पवती यांनी तेथेच उभे राहून हरकत घेतली. पुढे बराच वाद झाला. आपण कोणाचा अपमान केलेला नाही, प्रशिक्षणाची गरज तेवढी सांगितली, असा खुलासा अडूर यांनी केला.

त्या वादात आम्हांस नव्याने भर घालायची नाही. पुष्पवतींनी जे उत्तर द्यायचे ते भर सभेत दिले आणि ते पुरेसे आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. प्रशिक्षण हा शब्द आलाच आहे, तर तो नीट तपासून पाहू. ज्याला आपण थोर दिग्दर्शक म्हणतो, तो घडतो कोठे? केवळ शाळेत? केवळ प्रतिभेच्या बळावर? की आणखी कोठे तरी, जेथे कॅमेरा नसतो, दिवा नसतो आणि टाळ्याही नसतात?

उत्तर अडूर यांच्याच चरित्रात आहे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे जनतेच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेत, ते शिकले. १९६५ साली केरळात परतल्यावर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रलेखा फिल्म सोसायटी काढली. केरळच्या गावोगावी चांगला चित्रपट पाहणारा प्रेक्षक तयार व्हावा म्हणून ही मंडळी झटली. पुढे त्यातूनच चित्रपटनिर्मितीची सहकारी संस्था उभी राहिली आणि १९७२ साली ‘स्वयंवरम्’ हा अडूर यांचा पहिला कथापट आला. त्यासाठी सरकारच्या फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनने दीड लाख रुपयांचे कर्ज दिले होते. ते कर्ज होते, अनुदान नव्हे, हा फरक आम्ही मान्य करतो. पण एका अननुभवी तरुणावर सार्वजनिक तिजोरीने विश्वास टाकला, ही गोष्टही तितकीच खरी आहे. तेव्हाचे दीड लाख आणि आताचे दीड कोटी, आकडा सारखाच वाटतो. प्रश्न फक्त पुढे आलेल्या हाताचा आहे. तो हात कोणत्या घरातून आला, यावर विश्वासाची किंमत ठरते काय?

आणखी एक गोष्ट. ‘स्वयंवरम्’ म्हटले की अडूर यांचे नाव येते. चित्रलेखाचे सहसंस्थापक आणि त्या चित्रपटाचे निर्माते कुळत्तूर भास्करन नायर होते, हे महाराष्ट्रात किती जणांस ठाऊक आहे? संस्था चालवणारा, पैशाची जुळवाजुळव करणारा माणूस पडद्यावर दिसत नाही. तो मागच्या खोलीत असतो. अडूर यांना प्रतिभा होती हे निर्विवाद. पण त्या प्रतिभेच्या पाठीशी एक मागची खोली होती. आमच्या मुलांकडे प्रतिभा आहे. खोली नाही. आणि खोली नसलेल्या मुलाला तीन महिन्यांच्या वर्गात बसवून ती उणीव भरून निघत नाही.

याच केरळात मागच्या खोलीचा दुसरा एक प्रयोग झाला. १९८४ साली जॉन अब्राहम आणि त्यांच्या मित्रांनी कोळिकोडला ओडेसा ही मंडळी उभी केली. धनिक निर्मात्याकडे जायचे नाही, चित्रपट लोकांच्या पैशातून काढायचा आणि लोकांनाच दाखवायचा, हा त्यांचा निर्धार. ही माणसे गावोगाव फिरली. ढोल बडवला, पथनाट्ये केली, झोळी पसरली. त्या वर्गणीतून १९८६ साली ‘अम्मा अरियान’ तयार झाला. पुढच्याच वर्षी, ३१ मे १९८७ रोजी, जॉन अब्राहम यांचा अपघाती मृत्यू झाला. दिग्दर्शक गेला, तरी मंडळी काही काळ चित्रपट दाखवत आणि काढत राहिली. कारण मागे हिशेब ठेवणारे, पेट्या वाहणारे आणि पडदा बांधणारे हात शिल्लक होते. लोकवर्गणीचा चित्रपट आपल्या देशाला नवा नाही. १९७६ चा ‘मंथन’ गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये देऊन उभा केला, हे सर्वज्ञात आहे. पण पाच लाख माणसांचे दोन रुपये आपोआप गोळा होत नाहीत. गावोगावच्या दूध संघांचे हिशेब आधीपासून चोख होते, म्हणून ते गोळा झाले. ही बाब मात्र कोणी सांगत नाही.

आता आमच्याकडे पाहू. गेल्या पंधरा-वीस वर्षांत मराठी पडद्यावर आमच्या जगण्याला जागा मिळाली. ‘फँड्री’ आला, ‘कोर्ट’ आला, ‘सैराट’ आला. ‘कोर्ट’मध्ये शाहिराची भूमिका करणारे नागपूरचे वीरा साथीदार हे चळवळीचे कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’चे संपादक होते. एप्रिल २०२१ मध्ये करोनाने त्यांना नेले. या चित्रपटांचा आम्हांस अभिमान आहे. परंतु अभिमानाच्या भरात एक गोष्ट नजरेआड होते. ‘कोर्ट’ कागदावर असताना त्याला ज्या निधीने हात दिला, तो हॉलंडमधल्या रॉटरडॅम महोत्सवाचा ह्युबर्ट बाल्स निधी होता. मराठी न्यायालयाची, मराठी शाहिराची गोष्ट. आणि सुरुवातीचा आधार समुद्रापलीकडून! तो मिळाला याचा आनंदच आहे. पण तेथपर्यंत पोहोचायचे तर इंग्रजीत अर्ज लागतो, अंदाजपत्रक लागते, दिग्दर्शकाचे निवेदन लागते. हे सारे ज्याला जमते तो पोहोचतो. ज्याला जमत नाही, त्याची गोष्ट गावातच राहते.

येथे आम्हांस स्वतःचे काही सांगणे भाग आहे. प्रादेशिक चित्रपटाला मदत करणाऱ्या एका छोट्या विश्वस्त संस्थेच्या मागच्या खोलीत आम्ही काही वर्षे काम केले. संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही. दोष कोणा एकाचा नव्हता, आणि होता तो आमचा होता.

त्या खोलीत चित्रपट कधी दिसत नसे. दिसत ते कागद. धर्मादाय आयुक्तांकडे पाठवायचा चेंज रिपोर्ट, ऑडिटरने लाल शाईने खुणा केलेली व्हाउचरे, ८०-जीच्या नूतनीकरणाचे कागद, देणगीची पावती पुस्तके. सभागृहाच्या भाड्याची घासाघीस, वस्तीतल्या प्रयोगासाठी पोलीस ठाण्यात द्यायचा अर्ज, सेन्सॉरचे प्रमाणपत्र आहे की नाही याची चौकशी, भाड्याच्या प्रोजेक्टरचा दिवा मध्येच गेला तर दुसरा कोठून आणायचा याची तजवीज. हार्ड डिस्क हाताने नेऊन पोहोचवायची, कारण कुरिअरने गेलेली एक डिस्क बंद पडून परत आली होती. दिग्दर्शक यायचा तो हार घालून घ्यायला आणि भाषण करायला; ते योग्यच होते, त्याने चित्रपट काढला होता. पण पडदा बांधणाऱ्या पोराचा हात सुतळीने कापला, तर त्याला हळद लावायला कोणी नसे.

या खोलीत किती मोठे निर्णय होतात, हे बाहेरच्यास कळत नाही. एकच उदाहरण देतो. आमच्या वस्तीतल्या एका मुलाच्या लघुपटाला इंग्रजी सबटायटल करायची होती. वेळ नव्हता, म्हणून काम बाहेर दिले. परत आलेली फाईल कोणी तपासली नाही. महोत्सवाला पाठवण्याच्या आदल्या रात्री आमच्या एका सहकारी ताईंनी सहज उघडून पाहिली. चित्रपटात दोन म्हाताऱ्या रस्त्यावर भेटतात आणि एकमेकींना ‘जयभीम’ करतात. खाली इंग्रजीत लिहिले होते, ‘हॅलो’. एका शब्दात एका समाजाचा स्वाभिमान पुसला गेला होता. करणाऱ्याच्या मनात दुष्टावा नव्हता. त्याला तो शब्द ठाऊक नव्हता, एवढेच. पुढे ‘येसकरकी’ होते, तिथे नुसते ‘नोकरी’ केले होते. ताईंनी रात्रभर जागून सारी फाईल पुन्हा केली. ‘जयभीम’ला त्यांनी ‘जयभीम’च ठेवले. परदेशातला माणूस नाही समजला तर विचारील, असे त्या म्हणाल्या. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ताईंचे नाव नव्हते. नावे आधीच कोरली गेली होती.

आता आमच्या दोषाविषयी.

संस्था दरवर्षी तीन-चार लघुपटांना थोडे साहाय्य देई. निवड समितीत नामवंत मंडळी असत. पण अर्ज शंभरावर येत आणि समितीपुढे ठेवायचे दहा-बारा. ही पहिली छाननी कोण करी? आम्ही, मागच्या खोलीतले. नियम आमच्या हाती होता: इंग्रजी सारांश, एका ओळीतली कथा, अंदाजपत्रक, दिग्दर्शकाचे निवेदन. ज्याच्यात हे नाही तो अर्ज अपूर्ण. अपूर्ण अर्ज बाजूला.

एके वर्षी जालन्याकडच्या एका मुलाने अर्जाऐवजी दोनशे पानी वही पाठवली. आईबाप ऊसतोडीला जाणारे. वहीत निळ्या शाईने, ओळी सोडून, मराठीत गोष्ट लिहिलेली. गावची हलगी वाजवणाऱ्या त्याच्या आजोबांनी एका जत्रेत वाजवायला नकार दिला आणि हलगी विहिरीत टाकली, तेथून ती सुरू होत होती. आम्ही पहिले पान वाचले. चांगले आहे, असे म्हणालोही. पण इंग्रजी सारांश नव्हता, अंदाजपत्रक नव्हते. वही ‘अपूर्ण’च्या गठ्ठ्यात गेली.

सहा-सात महिन्यांनी तो मुलगा स्वतः आला. बहुधा रात्रभर एस.टी.त बसून आला असावा. शर्ट चुरगळलेला होता. निवड का झाली नाही, हे त्याने विचारले नाही. एवढेच म्हणाला, “सर, गोष्ट नाही घेतली तर राहू द्या. वही तेवढी परत द्या. दुसरी प्रत नाही.”

आम्ही कपाट उघडले, गठ्ठे काढले, पोटमाळा पाहिला. मार्चअखेरीस जागा व्हावी म्हणून जुने अर्ज रद्दीत घातले होते. वही त्यात गेली होती. हे त्याला सांगताना आमच्या तोंडून शब्द फुटेना. तो थोडा वेळ खुर्चीत बसून राहिला. मग “बरं” म्हणाला आणि उठला. चहासाठी थांबला नाही. पुढे चाकणला एका कंपनीत लागल्याचे कोणाकडून तरी कळले. आम्ही निरोप पाठवले, पुन्हा लिही म्हणालो. उत्तर आले नाही. ते यावे अशी अपेक्षा करण्याचा आम्हांस अधिकारही नाही.

वाचकहो, त्या मुलाला जातीवरून कोणी शिवी दिली नाही, दारातून हाकलले नाही. त्याची गोष्ट मारली ती एका रिकाम्या रकान्याने, आणि तो रकाना भरला नाही म्हणून वही बाजूला सारणारे हात आमचेच होते. व्यवस्था म्हणजे केवळ दुसरीकडे बसलेले कोणी तरी, असे आम्ही जन्मभर भाषणांत सांगत आलो. त्या दिवशी ती आमच्याच टेबलावर बसलेली दिसली.

त्यानंतर आम्ही तीन गोष्टी केल्या. अर्ज कोणत्याही बोलीत घ्यायचा, लिहिता येत नसेल तर समोर बसवून मोबाईलवर गोष्ट सांगू द्यायची आणि ती ऐकून सारांश लिहिण्याचे काम कार्यालयाने करायचे. आलेल्या प्रत्येक कागदाची आल्या दिवशीच झेरॉक्स काढायची आणि मूळ प्रत परत करायची. आणि नकार देताना चार ओळींत कारण कळवायचे. या तिन्ही गोष्टींना फार पैसा लागला नाही. माणूस मात्र लागला. गोष्ट ऐकायला बसणारा, बोली समजणारा, घाई न करणारा माणूस. येथेच सगळे गाडे अडते.

कारण निधी देणारा चित्रपटाला पैसा देतो. माणसाला देत नाही. अर्जात ‘निर्मिती’चा रकाना मोठा असतो आणि ‘प्रशासकीय खर्च’ या रकान्याकडे संशयाने पाहिले जाते. परदेशी देणगीच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली, तेव्हा प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली गेली, आणि एका संस्थेने मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे देण्यासही मनाई झाली. शहरातल्या मोठ्या संस्थेकडून गावातल्या छोट्या संस्थेकडे जो थोडाफार पैसा झिरपत असे, तो मार्ग बंद पडला. पैसा खाणाऱ्या संस्था होत्या आणि आहेत, हे आम्ही नाकारत नाही. त्यांच्यावर जरूर कारवाई व्हावी. पण सबटायटल तपासणाऱ्या ताईंचा पगार हा ‘खर्च’ आणि कॅमेऱ्याचे भाडे हे ‘कार्य’, ही वाटणी कोणी केली? डोक्याने आणि हाताने मागे राबणाऱ्याला कमी लेखून पुढे मिरवणाऱ्याला मान देण्याची रीत या देशाला नवी नाही. फक्त आता ती अंदाजपत्रकाच्या भाषेत आली आहे.

आणि चळवळीच्या संस्था तरी काय करतात? आमच्याकडे पगाराला ‘मानधन’ म्हणतात. मान पुष्कळ, धन थोडे. त्या ताईंनी सात वर्षे मानधनावर काढली. भविष्यनिर्वाह निधी नाही, रजा नाही, नेमणुकीचे पत्र नाही. कामगारांच्या हक्कासाठी जन्म घातलेल्या महामानवाची तसबीर त्यांच्या टेबलामागे लावलेली होती. मजूरमंत्री या नात्याने ज्यांनी कामगारांच्या कामाचे तास कमी करण्यात पुढाकार घेतला, त्यांच्या तसबिरीखाली रात्री अकरापर्यंत दिवा जळत असे. त्याला आम्ही ‘समर्पण’ म्हणत होतो.

बाबासाहेबांनी मागच्या खोलीला कधी कमी लेखले नाही. ‘मूकनायक’ निघाला त्यामागे शाहू महाराजांचे अडीच हजार रुपये होते. ‘बहिष्कृत भारता’च्या वेळी संपादनापासून रकाने भरण्यापर्यंतचा भार बाबासाहेबांनी एकट्याने, एक पैसाही न घेता उचलला. पण हे असेच चालावे, असे त्यांनी म्हटले नाही. उलट १९२८ साली त्यांनी आपल्या पत्राच्या कर्जाचा प्रश्न समाजापुढे उघड मांडला आणि ‘बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?’ असा थेट सवाल केला. लौकिक ऋण म्हणजे सगळ्या लोकांनी मिळून फेडायचे ऋण. पत्र समाजाचे, तर कर्जही समाजाचे. विचार कितीही थोर असला तरी छापखान्याचे बिल थकले की तो लोकांपर्यंत पोहोचत नाही, हे ज्यांना कळले होते ते आमचे बाबासाहेब. आमच्या सिनेमाचे ऋण हेही लौकिक ऋण नव्हे काय?

कोणी म्हणेल, आता संस्था हवीच कशाला? पोरांच्या खिशात मोबाईल आहे, त्यावर चित्रपट निघतो, यूट्यूबवर टाकला की जगात जातो. हे अर्धे खरे आहे. काढणे सोपे झाले. पोहोचवणे आणि टिकवणे सोपे झालेले नाही. जब्बार पटेल यांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हा चित्रपट केंद्र आणि महाराष्ट्र सरकारच्या पैशातून तयार झाला. मामुट्टी यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण त्याची तमिळ आवृत्ती तमिळनाडूच्या प्रेक्षकांपर्यंत जायला २०१० चा डिसेंबर उजाडला, आणि त्यासाठी प्रकरण मद्रास उच्च न्यायालयापर्यंत न्यावे लागले. पैसा होता, नट होता, विषय तर खुद्द बाबासाहेब! नव्हता तो पाठपुरावा करणारा हात. सरकारी चित्रपटाची ही गत, तर मोबाईलवरच्या लघुपटाची काय कथा?

टिकवण्याचे तर बोलायलाच नको. मल्याळमच्या पहिल्या मूकपटाची, ‘विगतकुमारन’ची नायिका पी. के. रोझी ही दलित स्त्री होती. १९३० च्या सुमारास तो चित्रपट दाखवला गेला, तेव्हा दलित स्त्री पडद्यावर नायर स्त्री म्हणून वावरते हे न साहून सवर्ण प्रेक्षकांनी धुडगूस घातला आणि रोझीला गाव सोडून परागंदा व्हावे लागले. तिला छळणाऱ्यांनी केले ते केले. पण त्या चित्रपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तिचा अभिनय कसा होता, हे जगाला आता कधीच कळणार नाही. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, त्यांतले फारच थोडे उरले. जे उरले त्यांतले कित्येक पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या पी. के. नायर यांच्यासारख्या, डबे शोधत फिरणाऱ्या माणसामुळे. आमच्या वस्त्यांत गेल्या वीस वर्षांत किती लघुपट, किती माहितीपट निघाले! शाहिरांची मुलाखती घेतलेली टेपे, मोर्च्यांचे चित्रण, जुन्या कार्यकर्त्यांच्या आठवणी. ते सारे आज कोठे आहे? कोणाच्या तरी बंद पडलेल्या संगणकात, कोणाच्या तरी घरच्या माळ्यावर. ती हलगीची वही गेली तसेच हेही जाईल, आणि मग आमचा इतिहास कोणी लिहिला नाही म्हणून आम्ही पुन्हा दुसऱ्यांना दोष देऊ.

तमिळनाडूत दिग्दर्शक पा. रंजित यांनी ही गोष्ट ओळखली. चित्रपटांबरोबरच त्यांनी नीलम सांस्कृतिक केंद्र उभे केले आणि त्या मंडळींनी पी. के. रोझी यांच्याच नावाने चित्रपट महोत्सव भरवला. एकाच्या यशातून अनेकांसाठी जागा कशी करावी, याचा तो धडा आहे. महाराष्ट्र ही तर चळवळीची जन्मभूमी. येथे काय अवघड आहे?

आमचे म्हणणे थोडके आहे. पहिले, चित्रपटाला मदत करणाऱ्या प्रत्येक संस्थेने, मग ती सरकारी असो वा आपली, मागे काम करणाऱ्याचा पगार हा चित्रपटाच्या खर्चाचाच भाग धरावा. आणि त्याला मानधन न म्हणता पगार म्हणावे. दुसरे, अर्ज मराठीत आणि बोलींत घ्यावेत आणि पहिल्या छाननीच्या टेबलावर आमच्या वस्त्यांतून आलेली, पगारी आणि शिकलेली मुलेमुली असावीत. निवड समितीत एक प्रतिनिधी बसवला म्हणजे न्याय झाला, असे समजू नये. दरवाजा समितीच्या खूप आधी बंद होतो, हे आम्ही आमच्या हातांनी अनुभवले आहे. तिसरे, श्रेयनामावलीत पडदा बांधणाऱ्याचे, हिशेब ठेवणारीचे आणि सबटायटल तपासणारीचे नाव यावे. आणि चौथे, जिल्ह्याच्या गावी निदान एक कपाट उभे राहावे. दोन हार्ड डिस्क, एक नोंदवही, आणि त्यांची काळजी घेणारा एक पगारी माणूस. जयंतीच्या मिरवणुकीत एका रात्रीच्या डीजेवर जो पैसा जातो, त्याच्या काही हिश्शात हे कपाट वर्षभर चालेल. डीजे बंद करा असे सांगून आम्हांस तरुणांचा रोष ओढवून घ्यायचा नाही. वर्गणीच्या वहीत आणखी एक रकाना आखा, एवढेच सांगतो.

अडूर यांना प्रशिक्षणाची काळजी वाटते. आम्हांसही वाटते. पण ते तीन महिन्यांत होत नाही आणि ते केवळ एका जातीच्या मुलांना लागत नाही. ते संस्थेत मिळते, वर्षानुवर्षे, एकमेकांचे काम पाहत. तशी संस्था उभी करणे हे आपले काम आहे, आणि ते कोणी आपल्यासाठी करून देणार नाही.

त्या मुलाची वही आम्ही परत देऊ शकलो नाही. ते ऋण आमच्या माथी आहे आणि राहील. पण गावोगाव अजून वह्या लिहिल्या जात आहेत. त्यातली पुढची वही जेव्हा कोणाच्या टेबलावर येईल, तेव्हा ती उघडून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस त्या खुर्चीवर असला पाहिजे. आणि त्याच्या घरी त्या महिन्याचा पगार पोहोचलेला असला पाहिजे.